मागाशेजारचे बालपण

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात कुलदैवते, गोत्रे, स्थलांतरे, पेठांची स्थापना व कर्त्या पुरुषांची चरित्रे यांना योग्य ते स्थान मिळालेले आहे. परंतु आपल्या कोष्टी घरांतील मुले काय करीत होती, ती केव्हा खेळत, केव्हा शिकत आणि केव्हा राबत, याविषयी कोणी विस्ताराने लिहिलेले आम्हांस आढळले नाही. ही उणीव लहान नव्हे. विणकराचा माग एकट्या विणकराच्या बळावर कधीच चालत नव्हता. मागावर बसणारा बाप, खळ शिजवणारी आई आणि कांड्या भरणारी मुले असा तो सगळ्या घराचा व्यवहार होता. मागात जेव्हा जेव्हा सुधारणा झाली, तेव्हा तेव्हा तिचा भार किंवा तिचा लाभ प्रथम कोणाच्या वाट्यास आला हे पाहू गेल्यास दृष्टी मुलांकडेच वळते.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे विवरण करणे अवश्य आहे. कापडात उभे धागे तो ताणा व आडवे धागे तो बाणा. बाण्याचे सूत लहानशा नळीवर गुंडाळतात, तिला कांडी म्हणतात. ही कांडी धोट्याच्या पोटात बसवावयाची आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे न्यावयाचा. कांडी संपली की दुसरी हाताशी तयार हवी, नाहीतर माग थांबला. आणि माग थांबला म्हणजे त्या दिवसाच्या भाकरीलाच अडथळा आला. या कांड्या रहाटावर भरण्याचे काम सहासात वर्षांच्या मुलामुलींकडे असे.

आमच्या आजोबांच्या काळी खड्ड्यातला माग होता व धोटा हाताने फेकावा लागे. त्या काळच्या बालपणाचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे पांजणी. भल्या पहाटे गल्लीत ताणा लांबच लांब ताणून धरावयाचा, त्यावर खळ चढवावयाची आणि उन्हाचा ताव वाढण्यापूर्वी काम उरकावयाचे. तुटलेला दोरा शोधून सांधण्यास बारीक बोटे व तीक्ष्ण डोळे लागत, ते मुलांपाशीच असत. ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणे हे कामही होते आणि खेळही होता. दोहोंमधील सीमा कोठे, हे त्या मुलांस सांगता आले नसते. धंद्याचे शिक्षण निराळे द्यावे लागत नसे. बापाशेजारी बसल्या बसल्या हाताला वळण लागे. मात्र या चित्राचे गोडवे गाताना थोडे सावध राहिलेले बरे. पांजणीच्या गल्लीत धावणाऱ्या त्या मुलांपैकी स्वतःचे नाव लिहिता येणारी फार थोडी होती, आणि दुष्काळ किंवा मंदी आली म्हणजे घरात प्रथम तीच उपाशी राहत.

यानंतर आला धावता धोटा. इंग्लंडात जॉन के याने तो १७३३ साली काढला; आपल्याकडील हातमागांवर तो रुळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. दोरीला हिसका दिला की धोटा आपोआप या पेटीतून त्या पेटीत धावे. विणण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला, रुंद कापड एकट्याने विणता येऊ लागले व विणकराच्या खांद्यास विसावा मिळाला. या सुधारणेची जेवढी स्तुती करावी तेवढी थोडीच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आमचे वडील, ज्यांचे बालपण नेमके याच संक्रमणात गेले, ते निराळेच सांगत. ते म्हणत, “बाबांचा धोटा धावू लागला आणि आमचा रहाट थांबेना.” हिशेब अगदी सरळ आहे. माग दुप्पट चालला तर बाणाही दुप्पट लागणार, आणि कांड्या तर हातानेच भरावयाच्या होत्या. बापाच्या खांद्यावरून उतरलेले ओझे मुलाच्या मनगटावर गेले. इंग्लंडातही याच धोट्यामुळे विणकरांना सूत पुरेना व कातणाऱ्यांवर ताण आला, हे इतिहासात नमूद आहेच. मनगटाविषयी मात्र तेथेही फारसे कोणी लिहिले नसावे.

या मुलांना कायद्याचे संरक्षण नव्हते काय, असा प्रश्न कोणी विचारील. कायदे होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली ही वये नऊ व चौदा आणि तास सात करण्यात आले. पण हे सर्व गिरण्यांसाठी. घरातल्या रहाटाकडे सरकारचे लक्ष नव्हते, आणि आपल्या लोकांचीही तशी इच्छा नव्हती. पुढे १९८६ च्या बालकामगार कायद्याने विणकाम हे मुलांना निषिद्ध ठरविले, तेव्हाही कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या घरच्या कामास त्यातून वगळले होते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच धंद्यांत मनाई झाली. घरच्या कामात मदत करण्याची सवलत उरली, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि धोक्याचे नसेल अशाच कामापुरती.

मुलांना रहाटावरून उठविले ते प्रथम शाळेने. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे व मोफत केले. आपल्या पेठांतील मुले पाटी घेऊन बाहेर पडू लागली ती या काळापासून. त्याच सुमारास यंत्रमागाचाही प्रवेश झाला होता. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालविला, व पुढील काही दशकांत ते गाव मागांच्या आवाजाने भरून गेले. हातमागाच्या खड्ड्यावर फळ्या पडल्या आणि ज्या सोप्यात आजोबा विणीत, त्याच सोप्यात वडिलांनी दोन यंत्रमाग बसविले.

आमचे बालपण या आवाजात गेले. १९५० नंतरच्या दोन दशकांत वाढलेल्या आमच्या पिढीतील माणसे आजही गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात, हे लग्नकार्यात कोणाच्याही लक्षात येईल. माग चालू असता आम्ही खुणांनी बोलत असू. भूक, वडील, पळ, या सर्वांना खुणा होत्या. रात्रपाळीचा खडखडाट ऐकत झोप लागे, आणि वीज गेली की एकदम पसरलेल्या शांततेने दचकून जाग येई. धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घेण्याच्या पैजा आम्ही लावीत असू. त्या ओढीबरोबर कापसाची किती धूळ पोटात व छातीत गेली असेल, याचा विचार आज करावासा वाटत नाही. विजेच्या त्याच दिव्याखाली आमचा अभ्यासही झाला, हेही खरे. कंदिलाच्या उजेडात वडिलांना जी अक्षरे दिसत नसत, ती आम्हांस स्वच्छ दिसली.

येथे एक गोष्ट लिहून ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मुलगा शाळेत गेला, तेव्हा रहाट थांबला नाही. तो बहिणीकडे गेला. आमची थोरली बहीण दुसरीतून काढली गेली ती याच कारणाने, आणि तिच्या रहाटाशेजारी बसून आम्ही मॅट्रिकपर्यंतचा अभ्यास केला. ती आम्हांस मोठ्याने वाचावयास सांगे. आम्हांस वाटे, आमचे पाठांतर पक्के व्हावे म्हणून ती सांगते. पुष्कळ वर्षांनी एका सायंकाळी तिने आमच्या चौथीच्या पुस्तकातील एक संपूर्ण धडा, स्वल्पविरामाच्या जागी थांबत, म्हणून दाखविला. तो आम्ही कधीच विसरलो होतो. पुढे कांडी भरण्याचे यंत्र आले, तेव्हा ती त्या यंत्रावर उभी राहिली. एकाऐवजी अनेक चात्या एकदम फिरू लागल्या, दोरा तुटला की सांधावयाचा, एवढेच काम; पण बसून करावयाचे काम उभ्याने करावे लागले. तिच्या मजुरीतून आमची फी गेली. आपल्या अनेक पेठांत हेच घडले असावे असा आमचा अंदाज आहे. ज्ञातीतील शिक्षणप्रसाराचे जुने अहवाल आम्ही चाळले, त्यांत शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या मुलांची नावे आहेत, देणगीदारांची आहेत. कांड्या भरणाऱ्या बहिणींचे एकही नाव नाही.

आता तर कांडीच गेली. नव्या बिनधोट्याच्या मागांवर बाण्याचे सूत मोठ्या कोनावरून थेट ओढले जाते, त्यामुळे धोटाही नाही आणि कांडीही नाही. आमच्या नातवाला ‘कांड्या करणे’ म्हणजे खोड्या काढणे एवढाच अर्थ ठाऊक आहे, आणि त्या अर्थाने तो या कामात निष्णात आहे. त्याचे बालपण हातातल्या मोबाईलवर चालले आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तर शाळाच त्या लहानशा पडद्यात आली, आणि ज्या घरी एकच मोबाईल व दोन मुले होती, तेथे कोणाला आधी बसवावयाचे हा जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. आमच्या पाहण्यातील एका घरी मोबाईल मुलाला मिळाला.

या यंत्राचे मागाशी नाते आहे हे पुष्कळांस ठाऊक नसेल. फ्रान्समध्ये ल्यों शहरी नक्षीच्या रेशमी कापडासाठी मागाच्या दोऱ्या ओढणारी मुले ठेवीत. जॅकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी उठविण्याची युक्ती काढली व त्या मुलांचे काम गेले. हीच पत्त्यांची युक्ती चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रात घेतली, आणि भोकांच्या पत्त्यांवर पुढील संगणक दीर्घकाळ चालले. म्हणजे मुलाचे काम करण्यासाठी जी युक्ती निघाली, तिच्याच वंशातील यंत्र आज मुलाच्या हाती आले आहे. मुले एका जागी तासन्‌तास बसतात म्हणून आम्ही वडीलधारे तक्रार करतो. आम्हीही तासन्‌तास एका जागी बसत होतो, आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. फरक असेल तर इतकाच, की रहाटावर गेलेला आमचा वेळ कोणाच्या उपयोगी पडतो ते आम्हांस समोर दिसत होते. पडद्यापुढे गेलेल्या नातवाच्या वेळातून जाहिरातींचे पैसे कोणास मिळतात, हे घरात कोणालाच दिसत नाही.

आमची बहीण आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या नातीने मागील दिवाळीत तिला मोबाईलवर बोलून लिहिण्याची सोय दाखविली. आपण बोलावे आणि मराठी अक्षरे आपोआप उमटावीत अशी ती युक्ती आहे. बहिणीने आम्हांस पाठविलेले आयुष्यातील पहिले पत्र चार ओळींचे होते. त्यात पावसाची खबर होती, गुडघेदुखी होती, आणि माळ्यावरचा जुना रहाट मोडीत देऊ नये असे बजावले होते. यंत्राने ‘रहाट’ ऐवजी ‘राहत’ लिहिले होते. नातीने ते दुरुस्त करावयास घेतले, तेव्हा बहीण म्हणाली, आधी ते अक्षर कोणते ते मला दाखव.