रेषेचे शिक्षण: रायगड किनाऱ्यावरील चित्रदृष्टीचा इतिहास

मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन करीत बाणकोटच्या खाडीपर्यंत उतरत जाणाऱ्या किनारपट्टीचा इतिहास लिहिताना आंग्र्यांचे आरमार, जंजिऱ्याचे सिद्दी, कुलाब्याचा किल्ला आणि मुंबईशी चालणारी जलवाहतूक यांचा विचार विस्ताराने झाला आहे. परंतु या पट्ट्यातील सामान्य माणसाने चित्र पाहायला कसे शिकले, त्याच्या डोळ्याला रेषेची आणि आकाराची जाण कोठून आली, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात राजाश्रयाने उभी राहिलेली चित्रशाळा नव्हती आणि कलादालन म्हणावे असे स्थळही दीर्घकाळ नव्हते. तरीही याच मातीतून पेणच्या गणेशमूर्तींचा व्यवसाय उभा राहिला आणि विनायक पांडुरंग करमरकरांसारखा शिल्पकार घडला. याचे कारण असे की येथे कलेचे शिक्षण देवळाची भिंत, छापील चित्र आणि गणपतीचा कारखाना या तीन ठिकाणी चालू होते, आणि तिन्ही ठिकाणी पहिला धडा एकच होता, तो म्हणजे समोरचे चित्र गिरवणे. गिरवण्याला पुढे कमी लेखले गेले. पण या किनाऱ्याचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो.

छापील चित्राचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला आणि शिळाछाप पद्धतीने, म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढून त्यावरून कागदावर ठसे घेण्याच्या पद्धतीने, देवदेवतांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे छापण्यास आरंभ केला. त्यानंतर १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यातून निघालेल्या ओलिओग्राफांमुळे, म्हणजे तैलचित्राचा भास देणाऱ्या बहुरंगी छापील प्रतींमुळे, जे चित्र पूर्वी केवळ संस्थानिकाच्या दिवाणखान्यात दिसले असते ते चार आण्या-आठ आण्यांच्या ऐपतीच्या घरातही भिंतीवर लागू शकले. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेला कोकणी माणूस बोटीने गावी परतताना जे सामान आणी, त्यात अशी एखादी तसबीर असणे स्वाभाविक होते. त्यामुळे लक्ष्मी, सरस्वती, राम यांना ठरावीक चेहरा आणि ठरावीक ठेवण मिळाली. देवाच्या असंख्य स्थानिक रूपांची जागा एका छापील रूपाने घेतली, हा तोटा खराच. पण छायेतून आकाराला उठाव कसा येतो, वस्त्राची चुणी कशी पडते आणि शरीराचा भार एका पायावर कसा तोलला जातो, याचा नमुना प्रथमच घराघरांत रोज डोळ्यांसमोर राहिला, हा लाभ त्याहून मोठा मानावा लागतो.

या नमुन्याचा सर्वांत टिकाऊ परिणाम पेणमध्ये दिसतो. भोगावती नदीकाठचे हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून. देवधरांसारख्या घराण्यांनी तेथे मूर्तिकलेचा पाया घातला आणि १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने मागणी वाढत गेली. पुढे हा धंदा हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशा आसपासच्या गावांत पसरला. शाडू, म्हणजे गुजरातेतून येणारी पांढुरकी चिकण माती, भिजवून मळतात, साच्यात दाबून भरतात, अर्धे भाग जोडतात, ओल्या कुंचल्याने सांधे पुसून घेतात आणि मूर्ती सावलीत वाळवतात. साचे पूर्वी प्लास्टरचे असत, आता बहुधा रबराचे असतात. साचा असल्यामुळे मूर्तीचा आकार शंभर ठिकाणी सारखाच निघतो, म्हणून कारागिराचे कसब आकारापेक्षा रंगकामात आणि त्यातही आखणीत पाहिले जाते.

आखणी म्हणजे डोळे रेखणे, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी क्रिया आहे. मूर्तीला पांढरा हात देऊन झाला, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने झाले की सर्वांत शेवटी ती आखणीच्या कारागिराकडे येते. तो डोळ्यांच्या खोबणीत पांढरा रंग भरतो, बुबुळाची जागा ठरवतो आणि मग बारीक कुंचल्याने वरच्या पापणीची रेषा ओढतो. ही रेषा नाकाकडून सुरू होऊन मध्ये जाड होते आणि कानाकडे निमुळती होत जाते. ती एका दमात ओढावी लागते, कारण मध्ये थांबलेला कुंचला रेषेत गाठ उमटवतो. नजर किंचित खाली झुकली की मूर्ती प्रसन्न वाटते आणि भक्ताकडे पाहते असे लोक म्हणतात. बुबुळ केसभर वर गेले तरी तीच मूर्ती रागीट दिसते. पेणची मूर्ती दूरवरच्या गिऱ्हाइकालाही ओळखू येते ती या डोळ्यांमुळे. कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती येथून गाड्या भरून बाहेरगावी जातात आणि तेथे रंगवल्या जातात, तेव्हा पेणच्या आखणीची उणीव जाणकाराला लगेच जाणवते.

या व्यवहारात गिऱ्हाइकाचाही डोळा घडत गेला, ही गोष्ट कलेतिहासकारांनी लक्षात घ्यायला हवी. कोकणात गणपतीचा पाट मूर्तिकाराकडे आधी नेऊन देण्याची रीत आहे. पाटाबरोबर मूर्तीची उंची, सोंडेची दिशा, आसन, पीतांबराचा रंग यांची बोलणी होतात, आणि पुष्कळदा कॅलेंडरावरचे किंवा मासिकातले चित्र पुढे करून ‘अशी हवी’ असे सांगितले जाते. चित्र मातीत उतरताना काय टिकते आणि काय हरवते, हे त्या घरातील मुले कारखान्याच्या दारात उभी राहून पाहतात. २०१४ नंतर ‘जय मल्हार’ मालिकेतील खंडोबाच्या आणि पुढे ‘बाहुबली’ चित्रपटाच्या धर्तीवर मूर्ती घडू लागल्या, तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु रविवर्म्याच्या तसबिरीवरून मूर्ती घडवणारा कारागीरही आपल्या काळातील सर्वांत प्रभावी चित्राकडेच वळला होता, हे विसरता येणार नाही. टीका करायचीच तर ती चित्र निवडण्यावर नव्हे, तर ते निवडून पुढे त्यात स्वतःचे काहीच न घालण्यावर करावी.

स्वतःचे काही घालणे म्हणजे काय, याचे उत्तर अलिबाग तालुक्यातील सासवण्याने दिले आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ मध्ये या गावी झाला. घरात गणपती घडवले जात, त्यामुळे मातीचा स्पर्श आणि रंगाची ओळख त्यांना शाळेच्या आधी झाली. मुलाने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले, ते फिरतीवर आलेले कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत दाखल झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत त्यांनी प्रावीण्य मिळवून लॉर्ड मेयो पदक पटकावले. पुढे ते कलकत्त्यास गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले, आणि १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला त्यांचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा महाराष्ट्रभर गाजला. देवळाच्या भिंतीवर गिरवलेला विषय वीस-पंचवीस वर्षांनी धातूत उतरला, एवढाच याचा अर्थ नाही. घोड्याच्या मानेचा बाक, लगामाचा ताण आणि स्वाराची बैठक यांचा जो अभ्यास त्या पुतळ्यात आहे, तो कोणत्याही छापील चित्रातून मिळण्यासारखा नव्हता. प्रत्यक्ष घोडा पाहिल्याशिवाय तो साधत नाही.

रॉथफेल्ड यांच्याविषयी येथे थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे या कथेचा धागा पुस्तकातील बोधचित्रांच्या, म्हणजे मजकुरासोबत छापण्यासाठी काढलेल्या चित्रांच्या, इतिहासाला जाऊन मिळतो. सनदी सेवेतील हा अधिकारी लेखकही होता, आणि भारतीय स्त्रियांवरील त्याच्या १९२० च्या इंग्रजी ग्रंथाची रंगीत चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली. धुरंधर त्याच ज. जी. शाळेत आधी विद्यार्थी आणि मग अध्यापक म्हणून एकेचाळीस वर्षे वावरले, आणि या काळाच्या आठवणी त्यांनी पुढे ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. त्यांनी पोथ्या, कथासंग्रह, पोस्टकार्डे, जाहिराती अशा सर्व प्रकारांसाठी चित्रे काढली आणि मुंबई इलाख्यातील माणसांचे पोशाख, हावभाव, बसण्या-उठण्याच्या लकबी रेषेत पकडल्या. उच्च कला आणि बोधचित्र असा भेद ज्या काळात शाळेच्या भिंतींआड पक्का होत होता, त्या काळात धुरंधरांनी तो आपल्या हाताने पुसला, हे त्यांचे मोठे कार्य होय.

सामान्य माणसाच्या डोळ्याला आणि हाताला रेषेची जाण कशी यावी, या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर जगाच्या दुसऱ्या टोकाला आधीच तयार झाले होते. कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराच्या रेखाटनांचा ‘मांगा’ नावाचा पहिला खंड १८१४ मध्ये नागोया येथून निघाला. पुढे त्याचे एकूण पंधरा खंड झाले आणि शेवटचा खंड चित्रकाराच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये, म्हणजे पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला त्याच वर्षी, बाहेर आला. कोळी, पैलवान, सुतार, लाटा, पक्षी, मासे, लठ्ठ आणि हडकुळी माणसे, नाना तऱ्हांच्या तोंडवळ्यांची नुसती गर्दी असे या खंडांचे स्वरूप आहे, आणि शिष्यांनी व हौशी मंडळींनी ती गिरवून हात तयार करावा हा त्यांचा मूळ हेतू होता. आज मांगा म्हणून ओळखली जाणारी चित्रकथा, जिच्या आधुनिक रूपाला ओसामू तेझुका यांच्या १९४७ मधील ‘नवे खजिन्याचे बेट’ या कृतीने मोठी चालना दिली, ती होकुसाईच्या खंडांहून निराळी आहे. तरीही कमीत कमी रेषांत चालती-बोलती आकृती उभी करण्याची आणि मोठ्या डोळ्यांतून सगळा भाव सांगण्याची तिची रीत पेणच्या आखणी करणाऱ्याला परकी वाटणार नाही. बंगालमध्ये १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार ठाकुर घराण्याच्या पाहुणचारात राहून गेले आणि त्या घराण्यातील चित्रकार अवनींद्रनाथांच्या चित्रशैलीवर त्याचा ठसा उमटला. करमरकर पुढे कलकत्त्यात काम करायला गेले, तेव्हा तेथे पूर्वेकडच्या रेषेची चर्चा जुनी झालेली होती.

चित्रांच्या मालिकेतून गोष्ट सांगण्याची रीत कोकणाला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीचे पान उचलून दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने गातात, आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. छापील माध्यमात हीच भूक दिवाळी अंकांनी भागवली. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, गोव्याच्याच रघुवीर मुळगावकरांनी मुखपृष्ठे आणि देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली, आणि १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ने राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या चित्रांमधून पुराणे चौकटींत मांडली. त्यानंतरच्या पिढीने दूरचित्रवाणीवर ‘डोरेमॉन’ पाहिला, जो मुळात फुजिको एफ. फुजिओ यांच्या मांगातील आहे. आज अलिबाग-पेणमधील एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर जपानी नायकाचे टोकदार केस आणि तिरपी नजर गिरवतो, तेव्हा तो तसबिरीवरून गणपती घडवणाऱ्यांच्याच वाटेवर पाऊल ठेवतो.

शाळेने मात्र ही वाट अर्धीच बांधली आहे. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांच्या द्वारे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पेन्सिल पोहोचवली, हे त्यांचे श्रेय वादातीत आहे. स्मरणचित्रात तर मासळी बाजार किंवा एसटी थांबा डोळ्यांसमोर आणून काढावा लागतो, म्हणजे चित्रकथेला लागणारी मूळ शक्तीच तेथे तपासली जाते. पण दुसऱ्याचे चित्र कसे पाहावे, ते का चांगले आहे, हे त्या तयारीत क्वचितच सांगितले जाते. परिणामी मुलाला रंग भरता येतो आणि आपल्याच तालुक्यातील शिल्पकाराचे नाव ठाऊक नसते.

करमरकरांनी उत्तरायुष्यात जी माणसे आणि जनावरे घडवली, ती सासवण्याची आहेत. पद्मश्रीचा मान १९६२ मध्ये मिळालेल्या आणि १९६७ मध्ये निधन पावलेल्या या शिल्पकाराच्या घरी आज सुमारे दीडशे शिल्पांचे संग्रहालय आहे. त्यात कोळीण आहे, कष्टकरी आहेत, आणि पाहणाऱ्याला जिवंत वाटावी अशी म्हैस आहे. गिरवणे येथे निरीक्षणापाशी येऊन पोहोचलेले दिसते. मांडव्याच्या धक्क्यावरून अलिबागच्या रस्त्याने हे गाव काही किलोमीटरच आहे. जिल्ह्यातील चित्रकला शिक्षकांनी परीक्षेच्या तयारीतला एक दिवस काढून मुलांना तेथे न्यावे, एक दिवस पेणच्या कारखान्यात आखणी पाहायला बसवावे, आणि मांगा गिरवणाऱ्या मुलाची वही हिसकावून न घेता त्याच वहीत समोरची कोळीण आणि म्हैस काढायला सांगावे.