पिकअप सुरू होते आणि लगेच बंद का पडते?
डिझेल पिकअप चावी फिरवताच सुरू होत असेल, तर बॅटरी आणि स्टार्टर बहुधा ठीक असतात. गॅरेजमध्ये उगाच त्यांवरच खर्च होतो. पाइप-फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन काही सेकंद चालते आणि पुढचा पुरवठा न आल्याने बंद पडते. कारण बऱ्याचदा तुंबलेला डिझेल फिल्टर, त्यात साचलेले पाणी किंवा सैल जोडातून शिरलेली हवा. फिल्टरजवळ हातपंप असल्यास तो दाबून पाहावा. कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर हवेचा संशय बळावतो. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र आधी इमोबिलायझर तपासावा. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर पाइप स्वतः सैल करू नयेत. त्यांत १००० बारहून अधिक दाब असतो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.