ठेक्याला नाव हवे

मराठीत ‘डीजे’ हा शब्द आला तो माणसासाठी. आज तो यंत्रासाठी वापरला जातो. ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद पाडला’ असे म्हणताना डोळ्यांपुढे येते ती टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. तिच्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा त्या शब्दातून गळून पडला. माझ्या मते तो इतिहासातूनही गळण्याच्या बेतात आहे.

आमच्या मावळात त्याचे काम ऐकायचे तर कार्ल्याला यावे. चैत्र शुद्ध सप्तमीला एकवीरेची पालखी निघते. मुंबई, ठाणे, रायगडकडची कोळी-आगरी मंडळी लोटतात. बँजो पार्टीच्या जोडीला आता त्याच गाण्यांची रिमिक्सही वाजतात. ती करणाऱ्यांपैकी बरेच जण संगीताच्या वर्गाला गेलेले नसतात. आधी मंडपवाल्याकडे वायरी ओढायच्या, मग मिक्सरवर हात बसवायचा, मग संगणकावर एफएल स्टुडिओ उघडायचा, असा त्यांचा अभ्यासक्रम. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘फ्रूटी लूप्स’ या नावाने बेल्जियममध्ये निघालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये ठोके चौकटींत भरायचे असतात. स्वरलिपी यावी लागत नाही.

पण कान लागतो. अनेक कोळीगीते सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. क्लबमधल्या हाउस संगीताचा पाया मात्र चार सरळ ठोक्यांचा. दोन्ही जुळवायचे तर सहा मात्रांच्या दोन आवर्तनांत चार ठोके बसवावे लागतात, दर तीन मात्रांना एक. हे गणित नाचणाऱ्यांच्या पायांवरूनच पडताळले जाते.

यंत्र स्वतःच उकलण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९८२ साली हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे एकमेकांशी जुळवून दहा रागांची डिस्को तबकडी केली. एचएमव्हीने ती काढली. फारशी खपली नाही. त्याच टीबी-३०३ वर शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने केलेले ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावारूपाला आले. एदो बाउमन या डच संग्राहकाला सिंगांची तबकडी २००२ मध्ये दिल्लीत मिळाली. २०१० मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी, ती पुन्हा निघाली. २०१५ मध्ये सिंग वारले; निदान दाद मिळालेली पाहून गेले.

ते सापडले, कारण तबकडीवर नाव छापलेले होते. आमच्या रिमिक्सवाल्यांचे नाव असते ते गाण्याच्या सुरुवातीला घुमणाऱ्या आरोळीत. मूळ गाण्याची परवानगी क्वचितच घेतलेली असते, त्यामुळे कंपनी नाही, सूची नाही. गाणे पेनड्राइव्हवरून फोनवर जाते आणि वाटेत आरोळीही कापली जाते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस गाणे ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या डच कंपनीकडून निघाले, नावांसकट. असे भाग्य मोजक्यांचे.

आवाजाच्या त्रासाची तक्रार खोटी नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, ती पाळलीच पाहिजे. पण डेसिबल मोजणाऱ्या आपण ठेका कोणी बांधला हेही टिपावे. आरोळीतले नाव, गाव, वर्ष आणि मूळ गाणे एवढ्या चार नोंदी मी वहीत करतो. प्रत्येक तालुक्यात कोणी एकाने तेवढे केले तरी पुढच्या अभ्यासकाला २८ वर्षे थांबावे लागणार नाही.