साचा तपू दे

परवा माळ्यावर आवराआवर करताना एक जड पुडकं हाताला लागलं. उघडून पाहिलं तर शिशाचे मणी! चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. आर्वीला आमच्या ओळखीचे एक भोई आजोबा वर्धा नदीवर मासे धरायचे आणि जाळ्याला लावायचे मणी घरीच ओतायचे. त्यातलेच हे.

आम्ही पोरं बघत बसायचो. पहिले दोन-चार मणी हमखास सुरकुतलेले निघायचे. आजोबा ते परत कढईत टाकायचे. "साचा थंडा हाये बाप्पा, पयले तपू दे त्याले." एकदा शहाणपणा करून मी साचा धुऊन आणला, तर त्यांनी हातातून हिसकावलाच. ओल्या साच्यात तापलेलं शिसं पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं, हे पुढे कळलं. (शिशाची वाफ आणि धूळ विषारी, हे तर फारच पुढे.)

जुन्या तोडेदार बंदुकीच्या शिपायाचीही हीच गत असणार. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरचं काम. पण साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या. हवा अडकली तर आत पोकळी. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत तर कडेला पातळ पापुद्रा. शिसं निवताना आकसतं, म्हणून तोंडाशी थोडं जास्त ओतायचं आणि मागून ती शेपटी कापायची. पोकळीमुळे गोळीचा तोल जाई. ती सैल असली तर दारूचा जोर बाजूने निसटे, घट्ट असली तर नळीत मध्येच अडकून बसे. समोरून घोडदळ येत असताना ही काही किरकोळ चूक नव्हे!

त्यात बंदुका हाताने घडवलेल्या. दोन नळ्यांचं तोंड सारखं नसे, म्हणून बंदुकीगणिक साचा. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या पलटणींसाठी आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडून तोफा-बंदुका करवून घेतल्या, तेव्हा एकसारख्या मापाचं महत्त्व त्यांना कळलं असणारच. माप एक झालं की गोळीही एक.

पुढे १८४९ मध्ये फ्रेंच कॅप्टन मिनिएची पोकळ बुडाची गोळी आली. बार उडाला की तिचं बूड फुगून नळीला घट्ट बसे. तिथे ओतण्यातला बारीक दोषही चालेना. इंग्रजांनी वुलिचच्या कारखान्यात शिसं यंत्राने दाबून गोळ्या करायला घेतल्या. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तर परवान्याशिवाय बंदूक आणि दारूगोळा बाळगणंच गुन्हा ठरवलं. घरच्या चुलीवरची गोळी सरकारजमा झाली.

याचा अर्थ आमच्या भागाला १९४२ मध्ये कळला. १६ ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला लोक निघाले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं पडली. मग खवळलेल्या जमावाने पोलिसांनाही मारलं. जे घडलं ते भयंकरच. पण त्या दिवशी गोळी एकाच बाजूला होती, हे विसरता येत नाही.

आणि आज? आर्वीहून पस्तीसेक किलोमीटरवर पुलगावला लष्कराचं प्रचंड दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून कितीतरी जवान गेले. गोळी आपल्या हातातून गेली, पण शेजारातून काही गेली नाही.

घरोघरी गोळ्या ओतल्या जात नाहीत हे बरंच आहे, असं मलाही वाटतं. पण ती गोळी कुठे होते आणि कुणाच्या हुकमाने सुटते, हे विचारायचा हक्क तरी आपण जपायला हवा. कायदा असो की राग, घाईने ओतलं की सुरकुती येणारच.

पुडकं परत बांधून ठेवलंय, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. आर्वीच्या मंडळींपैकी कुणाला ते आजोबा आठवतात का?