खाणीचे धन, गावाचे ज्ञान

मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी गोमंतकातील एका दानशूर खाणमालकाचे स्मरण उचित ठरेल. कै. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १९११ साली पेडणे येथे झाला. खनिज व्यवसायात त्यांनी लौकिक मिळविला व शिक्षणकार्यास सढळ हाताने मदत केली.

आपला मराठवाडा १९४८ साली निजामी अमलातून सुटला. गोवा १९६१ साली पोर्तुगीजांकडून. १९६३ मध्ये भाऊसाहेब तेथील पहिले मुख्यमंत्री झाले. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण लाभले. १९७३ साली पदावर असतानाच ते निवर्तले.

खनिज भूमीतून एकदाच निघते. शाळा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पीक देते. पिंगळीकर बंधुभगिनींनो, कळस चढविताना शाळेचे छप्परही नजरेआड होऊ नये, हीच नम्र विनंती.