चिंचवडमधील जुनी घरे, छपरांचे थर आणि सौरऊर्जा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वास्तूचा इतिहास लिहिताना दिंडी, चौक, देवघर यांची नोंद आवर्जून घेतली जाते. छपराकडे मात्र ते गळू लागल्याशिवाय कोणाचे लक्ष जात नाही. केंद्र शासनाने 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’ने या उपेक्षित भागास एकाएकी महत्त्व प्राप्त करून दिले. देशातील 1 कोटी घरांवर सौरसंच बसविणे हे तिचे उद्दिष्ट असून 3 किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. घर अर्जदाराच्या मालकीचे असावे आणि त्याचे छप्पर संच बसविण्यायोग्य असावे, या तिच्या दोन अटी. चिंचवडच्या जुन्या वस्तीत या दोन्ही अटी वाटतात तितक्या सोप्या नाहीत. येथील छप्पर एका वेळी बांधले गेलेले नाही. ते थराथराने साठत गेले आहे. या थरांचा इतिहास आणि त्याचा सौरसंचाशी येणारा संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कौल आणि पत्रा :
मोरया गोसावींचे समाधिमंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि 1897 च्या रँडवधामुळे सर्वश्रुत झालेल्या चापेकर बंधूंचा वाडा यांच्या आसमंतात जुने चिंचवड वसले आहे. पवनेच्या खोऱ्यात घाटमाथ्यावरून उतरणारा पाऊस लक्षात घेता उतरते छप्पर हेच येथे स्वाभाविक होते. तुळया, वासे, रिपा आणि त्यांवर देशी नळीची कौले अशी ही रचना. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खाचेत खाच बसणाऱ्या सपाट मंगळुरी कौलांचा प्रसार पश्चिम भारतात झाला. पुणे-खंडाळा लोहमार्ग 1858 मध्येच सुरू झाला असल्याने बाहेरचे बांधकाम साहित्य चिंचवडपर्यंत येणे अवघड राहिले नव्हते. त्यानंतर आला पत्रा. कौले उतरवून वासे बदलण्याऐवजी फुटक्या भागावर पत्रा टाकणे स्वस्त पडे. दुरुस्ती म्हणजे काढणे नव्हे, वर घालणे, ही रीत तेव्हापासूनची.

स्लॅब आणि कोबा :
मार्च 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट जगापुढे मांडला. हा केवळ योगायोग. परंतु या दोन घटनांची चिंचवडच्या गच्चीवर गाठ पडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांची घरे उभी राहिली आणि सिमेंट-काँक्रीटचा सपाट स्लॅब हे स्थैर्याचे लक्षण ठरले. पण सपाट छपरावर पाणी थांबते. म्हणून उतार देण्यासाठी वीटतुकड्यांचा कोबा आला, त्यावर फुटक्या फरशीचे तुकडे, पुढे डांबर वा रासायनिक लेप, आणि तरीही ओल राहिली तर सर्वांवर लोखंडी नळ्यांवरचे पत्र्याचे छत. कोबा फोडून मूळ गळती शोधणारे घरमालक थोडेच.

वजन, वारा आणि छिद्र :
जुन्या घराला पॅनेलचे वजन पेलेल काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. स्लॅब सुस्थितीत असेल तर ही भीती बव्हंशी अनाठायी होय. पॅनेल व सांगाडा मिळून दर चौरस मीटरला साधारण 15 ते 20 किलो भार येतो. सरासरी 11 सेंटिमीटर जाडीचा कोबा सुमारे 200 किलो भरतो आणि तो भार स्लॅब वर्षानुवर्षे वाहत आला आहे. खरा धोका वाऱ्याचा. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 90 किलोचा दाब येतो. तो पॅनेलच्या वजनाच्या कितीतरी पट असून तिरक्या पॅनेलला उचलून नेऊ पाहतो. सांगाडा घट्ट धरावा तर कोब्यात छिद्र पाडावे लागते, आणि खिळा कोब्यापुरताच राहिला तर त्याची पकड पोकळ. स्लॅबपर्यंत गेला तर जलरोधक थर भेदला जातो व पुढच्या पावसाळ्यात ओल खोलीत उतरते. छिद्र न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवणे हा मार्ग आहे, मात्र त्यांचा भार हिशेबात घ्यावा लागतो. कौलारू छपरावर आकडे कौलांखालून वाशांना पकडले पाहिजेत. वाळवीने पोखरलेला वासा हा आधारच नव्हे. सिमेंटचा जुना अ‍ॅस्बेस्टॉस पत्रा तर ठिसूळ, आणि त्याला छिद्र पाडताना उडणारी धूळ आरोग्यास घातक. गच्चीवरच्या पत्र्याच्या छतावर पॅनेल बसविताना त्या नळ्या कशात रोवल्या आहेत, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही, ही खेदाची बाब आहे.

छप्पर कोणाचे? :
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2015 च्या नेट मीटरिंग विनियमांमुळे अतिरिक्त वीज ग्राहकाच्या देयकात वळती होऊ लागली. छपराला प्रथमच उत्पन्न आले आणि त्याबरोबर हक्काचा प्रश्नही. 1999 चा भाडेनियंत्रण कायदा दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर ठेवतो. परंतु जुन्या वाड्यांचे तुटपुंजे भाडे त्या खर्चास पुरत नाही. वीजमीटर भाडेकरूच्या नावे असले तरी योजनेस पात्र ठरण्यासाठी घर त्याच्या मालकीचे नसते, आणि मालकाला दुसऱ्याच्या देयकासाठी खर्च करण्यात स्वारस्य नसते. भाऊबंदांच्या घरात गुंता आणखी वाढतो. चुली वेगळ्या झाल्या, मीटर वेगळे झाले, आढे मात्र एकच राहिले. उन्हाच्या दृष्टीने दक्षिणेकडचा उतार सर्वांत लाभाचा. पण वाटणीपत्रात सहसा खण मोजले जातात, उतार नाही. त्या उताराखाली ज्याचे खण येतात त्याने कौले शेकारण्याचा खर्च आजवर एकट्याने सोसला असेल, तर तेथील उन्हावर इतर भावांचा हक्क किती, याचे उत्तर जुन्या कागदांत सापडत नाही.