मुलांचा वाटा आणि कर्जाचा हप्ता

परक्या देशांतून येणाऱ्या मदतीविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष तिला भीक म्हणतो, दुसरा पुण्य म्हणतो. दोघेही इतिहासाची पाने क्वचितच उलटतात. गरीब देशांतील मुलांसाठी गेल्या पाऊणशे वर्षांत जो पैसा उभा राहिला, तो कशाच्या रूपाने आला आणि अखेर मुलांच्या पदरात काय पडले, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारासाठी घेतला आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याचे एक मोठे प्रकरण आपल्या सोलापुरातच लिहिले गेले आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील लक्षावधी मुले अन्नवस्त्रावाचून उघडी पडली होती. त्यांच्यासाठी ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने युनिसेफ ही संस्था काढली. ती तात्पुरती होती. युरोप सावरताच तिचे काम संपावे, असे अनेक श्रीमंत राष्ट्रांचे मत होते. परंतु आशियातील मुलांची उपासमार युद्धाने आलेली नव्हती आणि युद्धाबरोबर जाणारीही नव्हती. ही गोष्ट जगाला हळूहळू पटली आणि १९५३ साली ही संस्था कायम झाली. भारतात तिचे काम १९४९ पासूनच सुरू झाले होते.

सुरुवातीची मदत मुख्यतः दुधाची भुकटी आणि औषधे यांची असे. ती आवश्यकच होती. तथापि दूध प्याले की संपते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हात पसरावा लागतो. म्हणून लौकरच दुसरी वाट निघाली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलीन कारखान्यास युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले. आणंदच्या दूध संघासही युनिसेफची यंत्रे मिळाली. त्यांच्या बदल्यात संघाने गरीब मुलांना दूध द्यावे, असा करार होता. औषध पाठविण्याऐवजी औषध करण्याची शक्ती पाठविणे, हा या मदतीच्या इतिहासातील पहिला मोठा पालट होय.

दुसरा पालट पाण्याने घडविला. १९६६-६७ च्या दुष्काळात युनिसेफने भारतात खडक फोडणारी बोअरची यंत्रे आणली. काळ्या पाषाणात सुरुंग लावून विहीर खणण्यास महिनेच्या महिने जात. ही यंत्रे थोड्या दिवसांत पाण्यापर्यंत पोहोचत. गावोगाव बोअर झाल्या आणि त्यांवर हापसे बसले. परंतु हे बिडाचे हापसे परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या परसातील पंपाच्या धर्तीवर केलेले होते. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्यावर लोटे. दांडा झिजे, खीळ तुटे, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य हापसे बंद पडलेले आढळले. पैसा खर्च झाला होता, बोअर जिवंत होती, आणि बाया पुन्हा घागरी घेऊन जुन्या विहिरीकडे निघाल्या होत्या.

या पंपांत जे टिकून राहिले, त्यांत सोलापूरचा पंप अग्रभागी होता. मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या सोलापूर वेल सर्व्हिसने तो घडविला होता. बिडाऐवजी पोलाद आणि दिवसभराचा भार सोसेल असा दांड्याचा सांधा, हे त्याचे बळ. त्यालाच आधार धरून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' हा हापसा सिद्ध केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने तो बनविला. त्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही. कोणीही कारखानदाराने प्रमाणाबरहुकूम तो करावा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख हापसे जगभर बसले होते. आपल्याकडे नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. त्या यशात उघड्या विहिरीऐवजी मिळालेल्या शुद्ध पाण्याचा वाटा मोठा आहे.

हाच हापसा आफ्रिकेत गेला. झांबिया, घाना, युगांडा येथील खेड्यांत तो किंवा त्याची सुधारलेली आवृत्ती उभी राहिली. पण त्याच सुमारास त्या देशांवर दुसरे संकट कोसळत होते. १९७० च्या दशकात सवलतीने मिळालेली कर्जे १९८० नंतर गळ्याशी आली. व्याजाचे दर चढले आणि तांबे, कोको, कॉफी यांचे भाव पडले. नवे कर्ज हवे तर खर्चाला कात्री लावा, अशी अट आली. ही कात्री प्रथम दवाखान्यावर आणि शाळेवर चालली. १९८७ साली युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे जगापुढे मांडले: सरकारचे हप्ते मुलांच्या ताटातून फेडले जात होते.

बऱ्याच चळवळीनंतर १९९६ साली जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी कर्जमाफीची योजना आखली. १९९९ साली ती वाढविली आणि २००५ साली तिला आणखी माफीची जोड मिळाली. २०२३ च्या अखेरीस सोमालिया हा ती पुरी करणारा सदतिसावा देश ठरला. युगांडाने माफीमुळे वाचलेला पैसा १९९८ पासून वेगळ्या निधीत ठेवून प्राथमिक शाळा, आरोग्य आणि पाणी यांवर लावला. सावकाराने सोडलेला हप्ता मुलांपर्यंत पोहोचू शकतो, याचा हा दाखला होय.

परंतु कथा येथे संपत नाही. घानाला २००४ साली आणि झांबियाला २००५ साली माफी मिळाली. झांबियाने २०२० साली आणि घानाने २०२२ साली पुन्हा हप्ते थकविले. या वेळी सावकारांत रोखेधारक आणि चीनही होते, त्यामुळे तडजोड अधिक अवघड झाली. आरोग्यावर किंवा शिक्षणावर होणाऱ्या खर्चाहून व्याजावर अधिक खर्च करणाऱ्या देशांत ३३० कोटी लोक राहतात, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे. दुसरीकडे मदतीचे स्वरूपही बदलले. २००० च्या सुमारास युनिसेफच्या उत्पन्नापैकी जवळजवळ निम्मे कोणत्याही अटीविना मिळे. अलीकडच्या वर्षांत तो हिस्सा पावाहूनही कमी आहे. बाकीचा पैसा देणाऱ्याच्या मर्जीच्या देशाला, मर्जीच्या कामाला. त्यात २०२५ साली अमेरिकेने आपली मदतसंस्थाच गुंडाळली.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. मुलांची मदत आणि देशाचे कर्ज यांचे हिशेब आजवर दोन निराळ्या वह्यांत लिहिले गेले. ते एकाच वहीत लिहिले पाहिजेत. एका दाराने लस आणि दूध आत येते आणि दुसऱ्या दाराने त्याहून मोठी रक्कम व्याजापोटी बाहेर जाते, तेव्हा पहिल्या दाराशी उभे राहून दातृत्वाचे गोडवे गाणे व्यर्थ आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

सोलापूरचा पंप टिकला, कारण तो ज्यांनी वापरावयाचा त्यांचा भार ओळखून केलेला होता. मदतीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. मात्र उत्तम हापशालाही वर्षा-दोन वर्षांनी वॉशर लागतो, मिस्त्रीला मजुरी लागते. ते देणारी तिजोरी व्याजाने रिकामी झाली, तर झांबियातील एखाद्या खेड्यात पोलादाचा दांडा शाबूत राहील आणि तेथील मुलगी शाळा सोडून ओढ्याकडे जाईल. ज्या गावाने हा हापसा जगाला दिला, त्या गावाने तरी हे निमूटपणे पाहू नये.